डाव्या पायाचं टोक

शशिकांत माझा मुलगा. पन्नाशीला टेकला, इथे न्यूझीलंडला मोठा इंजिनियर आहे, पण मैदानाच्या कडेला उभा राहिला की त्याला ताळतंत्र राहत नाही. पोराने बॉल फेकला रे फेकला की हा मोबाइल समोर धरून ओरडणार, कोपर वर घे, खांदा बघ, कितव्यांदा सांगतोय. कुत्री फिरवायला आलेले गोरे वळून बघतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

पोर म्हणजे माझा नातू क्षितिज. शिकतो वेलिंग्टनच्या कॉलेजात, राहतो आमच्यात, जवळच्या अप्पर हट गावात. तिथल्या क्लबात अमेरिकन फुटबॉल खेळतो. नाव फुटबॉल, पण तो लांबट बॉल हाताने फेकायचा. क्षितिज क्वार्टरबॅक, म्हणजे पळणाऱ्या गड्याच्या हातात बॉल पोचवणारा. पोचत मात्र नव्हता. कधी गड्याच्या मागे पडायचा, कधी डोक्यावरून जायचा. कोचने सांगून टाकलं, शनिवारी सकाळी दहा वेळा फेकायचं, सात हातात पडले तर जागा तुझी, नाहीतर दुसऱ्या मुलाची. पोरगं आठवडाभर धड जेवलं नाही. थालीपीठ पुढे केलं की 'नॉट हंग्री, आजी'. आणि त्याचा बाप जेवणाच्या टेबलावर व्हिडिओ हळू करकरून त्याच्या कोपराचे अंश मोजणार.

बुधवारी मी मैदानावर खुर्ची टाकून बसले. मी शिकले तिसरीपर्यंत, अंश मला कळत नाहीत. पण देवरुखला सासरी दरवर्षी पावसाआधी छपराची कौलं चाळायची, तेव्हा खालून कौल फेकायचं काम माझं. वर दीर झेलायला. कौल फुटलं की सासूबाई माझ्या माहेरचा उद्धार करायच्या. पंधरा वर्षांत मी तीन कौलं फोडली, त्यातली दोन दिराच्या ढिलाईने. फेकणाऱ्याचे हात बघायचे नसतात, पाय बघायचे.

मी पाय बघितले. डावा पाय पळणाऱ्या गड्याकडे पडायचा, आणि बॉल सुटायच्या आत त्याचं टोक कडेला वळायचं. कडेला उभा होता शशी. ओरडा पडायच्या आधीच पोर बापाचं तोंड बघत होतं. मग शशीला ऑफिसचा फोन आला, तो गाडीमागे गेला. तेवढ्यात पाच बॉल गेले, चार हातात पडले. शशी परत आला आणि पुढच्या पाचांतला एकच हातात पडला.

शशीला बोलावून मी मोबाइल मागून घेतला, पिशवीत टाकला आणि म्हटलं, आता तू पळ, तू झेल. तो गुडघ्याचं सांगायला लागला. चपलेत पळता येत नाही म्हणाला. चपलेला तो जँडल्स म्हणतो, म्हणून काही ती बूट होत नाही. काढून ठेव म्हटलं.

पहिला बॉल त्याच्या पोटात बसला. क्षितिज हसला, त्या आठवड्यात पहिल्यांदा. आता बापाकडे बघितलं तरी पाय बरोबर जागी पडत होता, कारण बापच तिकडे होता. आणि धापा टाकणाऱ्या माणसाला ओरडायला दम उरत नाही. क्षितिजला मी एवढंच सांगितलं, तो आहे तिथे नको, पोचणार आहे तिथे टोक ठेव. 'स्वीट ॲज, आजी,' म्हणाला, म्हणजे पटलं. तीन दिवस दोघं अंधार पडेपर्यंत खेळले.

शनिवारी झेलायला क्लबातली मुलं होती. शशीला मी लांब, मुलं पळत जायची त्या टोकाला नेऊन उभा केला आणि त्याची बाही धरून ठेवली. पहिले दोन बॉल चुकले. शशीचं तोंड उघडलं. मी चिमटा काढला. मग सलग सहा हातात पडले. नववा गेला डोक्यावरून. आता एकच उरला होता आणि सहाच झाले होते. शशीने डोळे मिटले, मी मिटले नाहीत. डावा पाय पुढे पडला, टोक हललं नाही, आणि बॉल त्या पळणाऱ्या मुलाच्या दोन्ही हातांत जाऊन बसला.

गवत ओलं होतं तरी मी खाली बसले. पलीकडे कोच क्षितिजची पाठ थोपटत होता. शशी माझ्या शेजारी उकिडवा बसला, नाक ओढत. त्याने विचारलं, "आई, माझ्यामुळेच चुकत होतं ना त्याचं?"

"तुझ्यामुळेच," मी म्हटलं. "पण बाप काही हाकलून देता येत नाही, म्हणून पळवला. बरा पळालास हो."