देवी रिक्षात बसली

देवीशी माझं भांडण नव्हतं, हे आधीच सांगते. माझ्या मुलीच्या, भव्याच्या अंगावर कांजिण्या उठल्या तशी सासूबाईंनी, राजसबाईंनी, आमच्या तांबरमच्या फ्लॅटच्या दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधले, फोडणी बंद केली, आणि साताऱ्याहून आलेली मी निमूटपणे बिनफोडणीचं जेवले. या तंजावरी मराठी घरात कांजिण्या म्हणजे अम्मन, देवी, घरी आलेली. तिसऱ्यांदा डोक्यावरून पाणी घातलं की ती जाते. तोवर औषध नाही आणि मुलीने उंबरा ओलांडायचा नाही.

दोन पाणी झाली, खपल्या धरल्या. त्या सकाळी भव्या पलंगावरून उतरली आणि झोकांड्या खात भिंतीवर आदळली. इडलीचा घास तोंडाऐवजी गालावर गेला.

"अम्मन अंगांत खेळते आहे," सासूबाई म्हणाल्या. "परवां तिसरं पाणी. मग सगळं सरळ होईल."

व्यंकटेशला कारखान्यात फोन लावला. "आई सांगते ते ऐक ना," नवरा म्हणाला.

मी फोन ठेवला. सहा वर्षांच्या मुलीला स्वतःचं तोंड सापडत नाही, आणि ही माणसं परवाची वाट बघणार. संताप संताप झाला. मी तिला कडेवर घेतलं.

सासूबाई दारात आडव्या. "देवीला घरांतून हाकलतेस?"

"हाकलते कुठे? बरोबर नेते." मी चौकटीवरचा एक डहाळा ओरबाडून भव्याच्या हातात दिला. "ती हिच्या अंगात आहे ना? मग तीही येईल डॉक्टरकडे. आणि अम्मनला एकटं सोडू नये, असं तुम्हीच सांगता. आता तुमचं तुम्ही ठरवा, आई."

मला वाटलं, शिव्या घालतील. त्या आत गेल्या, हळदीच्या पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि चपला शोधू लागल्या. रिक्षात आम्ही चौघी होतो, देवी धरून.

डॉक्टर रंजनींनी भव्याला नाकाला बोट लावायला सांगितलं. बोट डोळ्यापाशी गेलं.

"कांजिण्यांच्या विषाणूनंतर कधीकधी लहान मेंदूला सूज येते, तोल जातो," त्या म्हणाल्या. "बहुतेक मुलं पूर्ण सावरतात. पण याहून गंभीर काही नाही ना, हे तपासल्याशिवाय कळत नाही. आज आणलंत ते बरं केलंत."

सासूबाईंनी तांब्या पदराखाली घेतला.

तपासण्यांत वाईट काही निघालं नाही. घरी आल्यावर ठरल्या दिवशी तिसरं पाणी मीच घातलं. तोल मात्र सावकाश येत होता. भव्या रोज व्हरांड्यात कठडा धरून चालायची, पडायची, हात दिला तर झिडकारायची. माझीच मुलगी.

एकदा शेजारची ऊर्मी सासूबाईंना म्हणाली, "देवीला बाहेर काढलंत, तिचाच कोप हा."

मी तोंड उघडणार, तोच सासूबाई पुढे झाल्या. "कोप नाहीं. मेंदूला सूज. आणि बाहेर काढलं नाहीं कोणी. मी स्वतः रिक्षांत घालून नेली तिला."

मी नेली, असं सासूबाई खुशाल म्हणोत. भव्या कठडा सोडून आमच्याकडे येत होती.