घरची पावडर

नवऱ्याचे कपडे धुणं म्हणजे तिच्यासाठी खायचं काम नव्हतं. जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतलं शिसं वितळवणाऱ्या कारखान्यात तो भट्टीवर होता. संध्याकाळी घरी यायचा तो भुवयांपासून चपलांपर्यंत करडा होऊन. दुकानातल्या पावडरीनं पाणी नुसतं गढूळ व्हायचं, शर्ट मात्र जसाच्या तसा. शेवटी तिनं घरीच पावडर करायचं मनावर घेतलं.

साबणाच्या वड्या जुन्या किसणीवर बारीक किसायच्या, कीस कागदावर पसरून कडक वाळू द्यायचा, मग हातानं चुरून त्यात धुण्याचा सोडा आणि थोडा टाकणखार मिसळायचा. पहिल्या वेळी तिनं घाई केली आणि ओलाच कीस मिसळला. डब्यात त्याचा दगड झाला.

"छान झालं," सासूबाई म्हणाल्या. "दार वाऱ्यानं आपटतं, त्याला लाव आता."

तीही हसली. पण पुढच्या खेपेला जमलं. गरम पाण्यात मूठभर पावडर टाकून कपडे भिजवले की फेस बेताचाच यायचा, पण मळ सुटायचा. बादलीच्या तळाशी करडा गाळ बसायचा. तो बघून तिला वाटायचं, चला, दिवसभराचं काहीतरी याच्या अंगावरून उतरलं एकदाचं.

बातमी काय, पाय फुटल्यासारखी पसरते. भट्टीवरच्या आणखी दोघांच्या बायका डबे घेऊन येऊ लागल्या. एक लंबी, जिला दारातून वाकूनच आत यावं लागे, आणि दुसरी नुकतीच बाळंत झालेली, बाळ खांद्याला लावून येणारी. तिघी मोरीच्या उंबऱ्याशी बसून कीस चुरायच्या आणि तिन्ही नवऱ्यांची यथेच्छ टिंगल करायच्या.

चिमी, तिची मुलगी, तेव्हा तीन वर्षांची होती. आई कपडे झटकू लागली की ही मळक्या ढिगावर चढून बसायची. बापाचा शर्ट अंगावर ओढायची, म्हणायची, "मी बाबा." बोटं कायम तोंडात. बाप दारात दिसला की तशीच धावत जाऊन त्याच्या पँटला मिठी मारायची.

मग चिमीचं पोट दुखायला लागलं. जेवेना, रंग उतरला, उगाच किरकिर करी. कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं जंतांचं औषध दिलं. त्यानं काही फरक पडला नाही. त्यात एक गोष्ट तिच्या लक्षात आली, आणि ती कुणाला सांगायचा तिला धीर होईना. चिमीचे शब्द कमी होत होते. आधी वाक्यं गेली. 'मी बाबा'चं नुसतं 'बा' झालं.

एका दुपारी सासूबाईंनी चिमीला पावडरीच्या डब्यापाशी पकडलं. हात मनगटापर्यंत पांढरा.

त्या दिवशी संध्याकाळी घर डोक्यावर घेतलं त्यांनी. "घरात विष कालवून ठेवलंयस! सोडा काय, खार काय! दुकानं ओस पडलीत का? पोरीची वाचा गेली तुझ्या या उद्योगापायी!"

"आई, झाकण घट्ट असतं हो. आज कसं काय..."

"आजच कसं? रोजच खात असेल ती."

नवरा समोर जेवत होता. त्यानं मान वर केली. आता तो आपली बाजू घेईल असं तिला वाटलं. पण त्यानं मान पुन्हा ताटात घातली आणि घास चावत राहिला.

तिनं डबा उचलला आणि सगळी पावडर मोरीत ओतली. मग लंबीच्या आणि बाळंतिणीच्या घरी जाऊन म्हणाली, "माझी पावडर टाकून द्या. पोरांच्या जवळपास ठेवू नका." बाळंतिणीनं बाळ छातीशी आवळलं आणि दार लावून घेतलं.

पुढचे काही महिने ती अपराध्यासारखी जगली. दुकानची पावडर आली, फेसानं मोरी भरू लागली, पण कपडे स्वच्छ निघेनात. म्हणून ती ते आधी कोरडेच जोरजोरात झटकायची, मग कोरड्या ब्रशनं घासायची. करडा धुरळा उडायचा, तिला ठसका लागायचा. चिमी शेजारी बसून त्या धुरळ्यात बोट फिरवायची. मुलगी सुधारेना, उलट जास्तच खंगली. केलेल्या पापाची फळं इतक्यात कशी संपतील, असं आई स्वतःला सांगायची.

एका सकाळी चिमीला झटका आला. डोळे पांढरे, अंग ताठ, दातखीळ बसलेली. दोघं नवराबायको तिला उचलून मोठ्या रुग्णालयात धावले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त काढलं, ओठ उलगडून हिरड्या पाहिल्या आणि रिपोर्ट आल्यावर दोघांना समोर बसवलं.

त्यांनी काही विचारायच्या आधीच तिनं सगळं कबूल केलं. साबण, सोडा, टाकणखार, डबा, पांढरा हात.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "ते पोटात जायला नकोच. पण हे त्यानं झालेलं नाही. हिच्या रक्तात शिसं आहे, खूप आहे." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "तुम्ही काय काम करता?"

त्यानं सांगितलं. सांगताना तो टेबलाच्या कडेकडे बघत होता.

"कपडे घरी आणता?"

"हो."

"तिथं कुणी सांगितलं नाही, आणू नका म्हणून?"

बायकोनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"सांगितलं होतं," तो म्हणाला. "आधी तिथंच अंघोळ करून, कपडे बदलून निघायचो. मग नळ बिघडला. मालक म्हणाला, घरी न्या. आमचं पण रक्त तपासतात. ज्याचं वाढतं त्याला थोडे दिवस भट्टीवरून काढतात."

चिमीला वॉर्डात नेलं. बाहेरच्या बाकावर ती त्याच्याशेजारी बसली.

"आई माझ्या पावडरीला शिव्या देत होत्या, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत असं नाही गं. मनात आलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर काम सोडावं लागलं असतं." त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "वाटलं, पावडरच असेल. असू दे, पावडरच असू दे, असं वाटलं."

ती उठली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. आपल्याच हातांकडे ती बघत राहिली. याच हातांनी तिनं ते कपडे झटकले होते, पोरीच्या तोंडासमोर.

चिमी रुग्णालयात असतानाच ती पुन्हा त्या दोन घरी गेली. लंबीनं ऐकलं, डोक्याला हात लावला आणि दुसऱ्याच दिवशी दोन्ही मुलांना तपासायला आणलं. बाळंतिणीचा नवरा मात्र दारात आडवा उभा राहिला.

"आधी म्हणालीस पावडर टाका. आता म्हणतेस नोकरी टाका. उद्या काय, घर टाका म्हणशील?"

"बाळाचं रक्त तेवढं बघा, दादा. हवं तर पाया पडते."

"निघ इथून. आमच्या पोटावर पाय देऊ नकोस."

त्याच्या पाठीमागून बाळाचं रडणं येत होतं. ती दार बंद होईपर्यंत तिथंच उभी राहिली. पुढं ते बिऱ्हाड गाव सोडून गेलं. बाळाचं काय झालं ते तिला कधीच कळलं नाही.

नवऱ्यानं भट्टी सोडली. आता तो एका गोदामात पोती उचलतो. सासूबाई झाल्या प्रकाराबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. फक्त सुनेला हाक मारताना त्यांचा आवाज खाली आला, तो पुन्हा कधी चढला नाही.

औषधांनी चिमीचं रक्त बरंच निवळलं. झटके थांबले. "जे गेलं त्यातलं किती परत येईल, सांगता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आणि फारसं आलं नाही. बरोबरीच्या मुली शाळेत जातात, चिमी खिडकीत बसते.

संध्याकाळी बाप तिला चित्रांचं पुस्तक घेऊन शिकवतो. घोडा. छत्री. विहीर. ती ओठ हलवते, एखादा शब्द निघतोही, पण सकाळपर्यंत पुसलेला असतो. तो चिडत नाही. बायको स्वयंपाक करता करता ऐकत असते. त्याच्याशी ती कामापुरतं बोलते. त्याहून जास्त अजून तिच्याच्यानं होत नाही.

"घोडा," तो म्हणतो.

चिमी त्याच्या तोंडाकडे बघत राहते.

"घोडा," तो पुन्हा म्हणतो.