दोन सीटच्या गाडीची किंमत

आफरीन सोलकर रत्नागिरीत पॅथॉलॉजी लॅब चालवते. एखाद्या जुन्या पेशंटची साखर अचानक फार छान आली की ती रिपोर्ट सोडत नाही, नमुना पुन्हा लावते. वाईट आकड्यापेक्षा छान आकड्याचीच तिला जास्त धास्ती. त्यामुळे जवळच्या पावस गावच्या दादू भाटकरांनी फोनवर गाडीचे चार लाख सांगितले, तेव्हा तिला आनंद झाला नाही. इतके कमी का, एवढंच मनात आलं.

गाडी साधी नव्हती. पंचवीस वर्षांपूर्वी गोव्यातल्या एका छोट्या कारखान्यात ती हातानं बनवलेली होती. दोन सीटची, उघड्या टपाची, फायबरच्या बॉडीची. अशा मोजक्याच गाड्या निघाल्या आणि कारखाना बंद पडला. आफरीन कॉलेजात असताना भाट्याच्या पुलावर तिची बस या लाल गाडीनं कितीदा तरी मागे टाकली होती. आता ती बेचाळीस वर्षांची होती, हाताशी थोडे पैसे होते, आणि भाटकरांनी तीच गाडी विकायला काढली होती.

अशा गाडीला बाजारभाव नसतो. तिनं चौकशी केली. बंगळुरूत एक नऊ लाखांना गेली होती. पुण्यातली एक अडीचला गेली, पण तिला इंजिनच नव्हतं. या दोन्हींच्या मधली, चालू असलेली गाडी कोणी विकतच नव्हतं. तेव्हा चार लाख स्वस्त की महाग, हे ठरवायचं कशावरून?

पहिल्यांदा बघायला जाताना तिनं समर्थला नेलं. तिची रोजची गाडी नऊ वर्षं तोच सांभाळत होता. दादूकाका सत्तरी ओलांडलेले, डोळ्यांनी अधू झालेले. त्यांनी शेडचा पडदा सारला. लाल रंग नव्यासारखा चमकत होता, आणि तेही आफरीनला खटकलं. समर्थ गाडीखाली शिरला, मोबाइलवर फोटो काढत राहिला. बाहेर आल्यावर तिला लांब माडाखाली नेऊन हळूच म्हणाला की चासी, म्हणजे खालचा सांगाडा, कापून जोडलेली आहे, पुढून जबर ठोकलेली गाडी आहे, दीड लाखाच्या वर एक रुपया देऊ नका. बोलणी मी करतो, तुम्ही मध्ये पडू नका.

ती परत शेडपाशी आली तर दादूकाका आपणहून म्हणाले, “ही गाडी कधी कुठं आदळलेली नाही हां.”

तिनं तर काहीच विचारलं नव्हतं. परतीच्या वाटेवर तेच वाक्य तिच्या डोक्यात फिरत राहिलं.

घरी तिनं फोटो मोठे करून बघितले. जोड होता खरा, पण डाव्या आणि उजव्या बाजूला अगदी एकाच जागी. ठोकलेली गाडी अशी मापात तुटते का? तिनं बंगळुरूच्या मालकाला फोन केला, त्याच्या गाडीचा तसाच फोटो मागवला. त्याच्याकडेही तोच जोड, त्याच जागी. तो म्हणाला की चासी दोन तुकड्यांत बनवून कारखान्यातच जोडायचे, सगळ्या तशाच आहेत.

म्हणजे समर्थ चुकला होता. किंवा चुकला नव्हता. जो माणूस नुसत्या वासावरून गळती ओळखतो, त्याला दोन्हीकडचा सारखा जोड दिसला नसेल? ती त्याला काही बोलली नाही.

आता प्रश्न बॉडीचा होता. फायबरची गाडी तपासणारा गावात कोणी नव्हता, पण मिरकरवाड्याच्या बंदरात होड्यांना फायबर मारणारे होते. गफूरमामू तिच्या आईच्या नात्यातले, तीस वर्षं त्याच कामात. रविवारी सकाळी ती त्यांना घेऊन पावसला गेली.

मामूंनी खिशातून नाणं काढलं आणि पुढच्या चाकापासून बॉडीवर हळूहळू ठोकत गेले. आवाज एकसारखा खणखणीत येत होता. डाव्या दिव्याखाली मात्र तो बोदा झाला. त्यांनी आजूबाजूला परत ठोकून बघितलं.

“हितं फुटलेली हाय,” ते म्हणाले. “फायबरची मॅट मारून भरलीय. काम होडीवाल्याचं हाय, गाडीवाल्याचं नाय. पण पक्कं केलंय.”

दादूकाका पायरीवर बसले. मग सांगू लागले. सोळा वर्षांपूर्वी वळणावर त्यांची गाडी चिऱ्याच्या गडग्यावर, कुंपणाच्या दगडी भिंतीवर, आदळली होती. शेजारी बायको होती, तिचं मनगट मोडलं. ती पुन्हा कधी या गाडीत बसली नाही, आणि घरात तो विषय कोणी काढत नाही. लपवायची सवयच झाली होती.

“मग चार लाखच का?” आफरीननं विचारलं.

त्यांनी मोबाइल तिच्या हातात दिला. त्यावर समर्थचे चार फोन होते. आफरीनबाई घेणार नाहीत, कोल्हापूरची पार्टी दोन लाख देते, असं तो प्रत्येक वेळी सांगायचा, काका म्हणाले. आणि आरे-वारेच्या रस्त्यावरचा एक रिसॉर्टवाला सहा लाख द्यायला तयार होता, गेटवर फोटोसाठी उभी करायला.

“चाकं सिमेंटात रोवणार म्हणतो,” काका म्हणाले. “चालवणाऱ्याला द्यायची म्हणून चार सांगितले.”

तिला वाईट वाटलं, तरी विश्वास बसला नाही. भाव वाढवायला सहा लाखांची गोष्ट कोणीही रचू शकतो. घरी जाऊन तिनं रिसॉर्टला फोन लावला, अशी गाडी आपल्याला विकायची आहे असं सांगून. मॅनेजर म्हणाला की पावसच्या एका म्हाताऱ्याला सहा देत होतो, पण तो ऐकत नाही. इंजिनातलं थोडं तेलही तिनं बाटलीत आणलं होतं. ते काचपट्टीवर घेऊन लॅबमधल्या मायक्रोस्कोपखाली बघितलं. धातूची चमक कुठं दिसली नाही, म्हणजे इंजिन आतून झिजलेलं नव्हतं. त्यानंही ती पुरती निश्चिंत झाली नाही, पण तपासायचं आणखी काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच गेली.

“साडेतीन देते,” ती म्हणाली. “खोटं बोललात त्याचे पन्नास हजार कमी.”

दादूकाकांनी डोळे बारीक करून तिच्याकडे बघितलं. “खोट्याचे वीस धर.”

तीन लाख ऐंशी हजारांना व्यवहार झाला. सहा मिळत असताना त्यांनी तेवढेच घेतले होते. पावसहून गाडी चालवत येताना तिला पहिल्यांदा स्वतःचाच संशय आला. म्हाताऱ्याचे वीस हजार कापायची खरंच गरज होती का?

आठवड्यानं क्लच जड झाला. फार मोठं काम नव्हतं, पण या गाडीला हात लावील असा गावात एकच माणूस होता. आफरीननं गाडी समर्थच्या गॅरेजसमोर उभी केली आणि बंगळुरूहून आलेला फोटो त्याच्यापुढे धरला. त्यानं फडक्यानं हात पुसत तो नीट बघितला.

“कोल्हापूरवाला मला साठ हजार देणार होता, मॅडम,” तो म्हणाला. माफी मागितली नाही.

तिनं फोटो परत ठेवून दिला. कोपऱ्यातलं स्टूल ओढून गाडीच्या अगदी जवळ मांडलं आणि त्यावर बसली.

“तू काम कर. मी बघत बसते.”

दुपारपर्यंत ती तिथून हलली नाही. समर्थ मान खाली घालून काम करत होता, आणि प्रत्येक नट आवळण्याआधी तो उचलून तिला दाखवत होता.