खुरासणीच्या चटणीचा पाटा

मित्रांनो, मी जव्हारच्या बाजारपेठेतला एक जुना पाटा आहे. काळ्या दगडाचा, अंगाने चांगला दांडगा. पाथरवटाने मला घडवले तेव्हा इथे संस्थानी राज्य होते. घडवल्यावर मी थेट एका खाणावळीत आलो आणि तिथे कितीतरी मालक येताना-जाताना पाहिले. कांतीलालशेठांनी भातावर सढळ हाताने तूप वाढले आणि चार महिन्यांत गाशा गुंडाळला. चंद्रकांतपंतांनी भिंती रंगवल्या. पुढच्या पावसाळ्यात तेही गेले.

सगळ्यांचे एकच चुकत होते. रोज जेवायला येणार ते कचेरीतले मूठभर कारकून. बाजाराच्या दिवशी खोडाळ्याकडून माणसांची रीघ लागे, पण त्यांच्या फडक्यात घरची नागलीची भाकरी असे. ते कशाला विकतचा भात खातील? मग मालक त्यांना ओट्यावरूनही उठवत. मला फार राग येई, पण दगडाचे कोण ऐकतो?

मग कुसुमावतीबाई आल्या. विधवा बाई, पदरी दोन मुली, आणि पोटासाठी ही एवढी खाणावळ. खुरासणी, म्हणजे कारळे, भाजून, लसूण-मिरची घालून त्या माझ्यावर वाटू लागल्या की अख्खी पेठ वळून बघे. वाटणाऱ्या बाई खऱ्या, पण दगड तर मीच होतो! तरीही गिऱ्हाईक वाढेना. एका बाजाराच्या दिवशी तांदूळही संपला. बाईंनी मुलींना सामान बांधायला सांगितले.

तेवढ्यात दारात सुकरी आणि तिचा नवरा फागू येऊन उभे राहिले.

"बाय, वास लय चांगला येतो," सुकरी म्हणाली. "भाकर हाय आमचेकडं. नुसती चटणी इकत देशील का?"

बाईंनी तांदळाच्या रिकाम्या मडक्याकडे पाहिले. "देते की. उभे का? आत या, बसा."

एका कारकुनाने नाक मुरडले. बाईंनी त्याच्याही पानात चटणी वाढली, तो बोटे चाटू लागला. पुढच्या बाजारी फागूचा अख्खा पाडा आपापली भाकरी घेऊन हजर! बांधलेले सामान मुलींनी केव्हाच सोडले होते.

मित्रांनो, मला अधूनमधून टाकी लावून खरबरीत करत जा, गुळगुळीत पाट्यावर वाटण होत नाही. आणि दारातल्या माणसाला उठवू नका. आमची खाणावळ पुढे इतकी वर्षे चालली, ती कशी? कोणी दारातून विचारी, "काय आहे जेवायला?" बाई आधी विचारत, "तुम्ही काय आणलंय?"