ओठाचं कारण

जगात कारणाशिवाय काहीही घडत नाही, असं धर्मपाल मुनेश्वर सर लोहाऱ्याच्या शाळेत दरवर्षी पहिल्याच तासाला सांगत. मुलं ते वहीत उतरवून घेत आणि पेपरात लिहीत. त्यामुळे ते सिद्धच झालं होतं.

सूर्यग्रहणाच्या दिवशी सरांनी गरोदर बायकोला, दीपाला, अंगणात विळीवर बसवलं आणि वांगी चिरायला लावली. घरात भाजीची गरज नव्हती. समाजाला प्रबोधनाची होती. शेजारणी कुंपणाला टेकून बघत होत्या.

"बापा, इज्ञान शिकवाचं तं शाळेत शिकव न," सरांची आई, सत्यभामाबाई, म्हणाल्या. "ग्रहणात चिरलं का लेकराचा ओठ फाटते म्हणतात. दोन जीवाच्या पोरीले कायले बसवतं?"

सरांनी फोटो काढून मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकला.

मुलगी झाली ती ओठ आणि टाळू दुभंगलेली. कोणीतरी तो फोटो ग्रुपवर पुन्हा टाकला. खाली काही लिहिलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती.

दीपा भिंतीकडे तोंड करून मुलीला चमच्याने दूध पाजायची. दारात कोणी आलं की मुलीच्या तोंडावर पदर. सरांशी बोलणं बंद. एका दुपारी सर तिच्या पाठीलाच म्हणाले, "हे पाय, ओठ पहिल्या दोन-तीन महिन्यांतच तयार होते. ग्रहण लागलं तवा तुले सातवा होता."

"मंग काहून दुभंगला?"

"ग्रहणानं नाही, एवढं पक्कं."

"काय नाही झालं ते मले नका सांगू. काय झालं ते सांगा."

कारण आणायला सर एकटेच यवतमाळला गेले. डॉक्टर शगुफ्ता यांनी विचारलं, घराण्यात आधी कोणाला होतं? नाही. नात्यातलं लग्न? नाही. बाईंना तंबाखू, मधुमेह, फिटच्या गोळ्या? नाही. फॉलिक ॲसिड? त्या गोळीसाठी सर स्वतः पाण्याचा गिलास घेऊन उभे राहत.

"मग कारण काय?"

"बरेचदा सापडतच नाही. थोडं जनुकांचं, थोडं बाकीचं. एका गोष्टीवर बोट ठेवता येत नाही."

"मी तंबाखू-सुपारीचा खर्रा खातो," सर आशेने म्हणाले.

"त्यानं तुमचं तोंड जाईल, सर. तिचा ओठ त्यानंच गेला, असं मी नाही सांगू शकत."

घरी येऊन सरांनी आयुष्यातलं पहिलं अवैज्ञानिक विधान केलं. "डॉक्टरीण म्हणे, माह्या खर्र्यानं झालं."

दीपाने भिंतीकडचं तोंड त्यांच्याकडे वळवलं. मग मुलीला उचलून अंगणात नेलं आणि पदर बाजूला केला. "पाहा मावशी," ती कुंपणापलीकडे म्हणाली, "इच्या बापाचे गुण."

कारण मिळाल्यावर शेजारणी मुलीला मांडीवर घेऊ लागल्या. सत्यभामाबाई म्हणाल्या, "म्या तं पयलेच म्हणो, फेक तो खर्रा." तोवर त्या ग्रहणाबद्दल बोलत होत्या. सर रस्त्याने निघाले की गप्पा थांबत. त्यांचं ताट बाहेरच्या खोलीत येऊ लागलं. त्यांनी खर्रा सोडला. ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

मुलीचं वजन भरल्यावर ऑपरेशनची तारीख मिळाली. दीपा, सत्यभामाबाई आणि शेजारणी गाडीत बसल्या. सरांना जागा उरली नाही. ते मागून एसटीने गेले. पोचले तेव्हा मुलीला वॉर्डात आणलं होतं.

ओठाचं ऑपरेशन तासाभराचं असतं. सरांचं ताट मात्र पुढेही बाहेरच्या खोलीतच येत राहिलं.