पुस्तकातली गोदा

हेलन मार्चबँक या इंग्रज लेखिकेची पहिली दोन पुस्तकं कुणी विचारलीसुद्धा नव्हती. तिसरं तिने मोखाड्याजवळच्या सूर्यमाळ गावात, गोदाच्या घरी चार महिने राहून लिहिलं आणि त्याने तिचं नाव जगभर झालं. मग पुरस्कार, भाषणं, आणखी अकरा कादंबऱ्या. गोदाला यातलं काही ठाऊक नव्हतं. 'आपली हेलनबाय' एवढंच ती म्हणायची.

गोदाची मुलगी नीता जव्हारला शिक्षिका झाली. कॉलेजात असताना तिने ते पुस्तक वाचलं. त्यातल्या बाईचं नाव गोदाच होतं. तापाने फणफणलेली तान्ही गंगी (नीताच्या वारलेल्या बहिणीचंच नाव) ती बाई कोपऱ्यात टाकून देते, 'मुलगीच तर आहे' म्हणते. नीताने हे आईला सांगितलं नाही. पंधरा वर्षं आतल्या आत धुमसत राहिली.

यंदा फेब्रुवारीत पंच्याहत्तरीची हेलन कॅमेरेवाल्यांना घेऊन सूर्यमाळला आली. तिच्या आयुष्यावर फिल्म बनत होती. गोदाने तिला पोटभर जेवू घातलं. कॅमेरा सुरू झाला तशी नीता इंग्रजीत म्हणाली, "पान एकशे बारा. वाचा. मी आईला सांगते."

हेलनचा चेहरा उतरला. "ती कादंबरी आहे, नीता. ती बाई म्हणजे तुझी आई नव्हे."

"मग नाव आईचं कशाला?"

नीताने आईला सगळं सांगितलं.

गोदा उठली. "गंगीला पाठीशी बांधून मी दवाखान्याकडं चालत निघाले. मोखाडा दिसाया लागला नि पोर पाठीवरच गेली. तुला सांगितलं व्हतं मी! तू माझ्याबरोबर रडली व्हतीस!"

"हो," हेलन इंग्रजीत पुटपुटली. "पण प्रकाशकाला ते फार साधं वाटलं."

नीताने तेही जसंच्या तसं आईला सांगितलं.

"ऊठ," गोदा म्हणाली. "निघ माझ्या घरातून."

जूनमध्ये हेलनचं पत्र आलं. नव्या आवृत्तीत त्या बाईचं नाव बदललं होतं.

"आन पोरीचं?" गोदाने विचारलं.

"ते तसंच आहे."

गोदाने पत्र चुरगाळून अंगणाबाहेर भिरकावलं. "परत लिव तिला. माझी पोर तिथून काढ म्हणावं."

नीता त्याच दुपारी लिहायला बसली. सुरुवातीला 'प्रिय' लिहायला तिचा हात वळला नाही.