तिसऱ्या बटणावरची सीट

डॉक्टरीणबाईंनी दवाखान्याच्या फाटकापाशी ब्रेक दाबला. गाडी थांबली खरी, पण तिच्या सवडीने. फाटकाचा खांब आणि गाडीचं नाक यांच्यामध्ये जेमतेम हात जाईल एवढीच जागा उरली. आत खुर्चीवर दाढ दुखणारा पेशंट वाट पाहत होता, पण बाई मात्र स्टिअरिंग धरून तशाच बसून राहिल्या. एवढी महागाची, रणगाड्यासारखी गाडी, आणि ब्रेक असे?

नवरा जहाजावर, बरेचसे महिने पाण्यावरच. त्यामुळे गाडीचं दुखणंखुपणं बाईंच्याच गळ्यात. संध्याकाळी त्यांनी गाडी गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मेकॅनिकला सगळे 'सावकाश' म्हणायचे, कारण कुठलंही काम सांगितलं की त्याच्या तोंडून आधी तोच शब्द निघायचा.

"सावकाश सांगा, डॉक्टर. पॅडल मऊ लागतं की कडक?"

"नेहमीसारखंच लागतं. दाबते, पण पकड येत नाही."

त्याने ब्रेक ऑइल पाहिलं, भरलेलं होतं. गळती कुठेच नव्हती. पॅडल हलकं करणारी व्हॅक्यूमची नळी धडधाकट होती. कॉम्प्युटर लावला, तर तो म्हणाला सगळं उत्तम. मग सावकाशने चाकं उतरवली आणि ब्रेकचं पॅड बाईंच्या हातात ठेवलं. पॅड चांगलं जाड होतं, पण वरून आरशासारखं चकाकत होतं.

"याच्यावर काच चढलीय. घासायच्या ऐवजी घसरतंय. माल हलका निघाला असणार," असं म्हणून त्याने नवी पॅड बसवली. बाई खूश होऊन घरी गेल्या.

महिना उलटला नाही तोच गाडी पुन्हा आपल्या सवडीने थांबायला लागली. सावकाशने पुन्हा चाकं उतरवली आणि कपाळाला हात लावला.

"चूक माझी, डॉक्टर. मी काच काढली, पण ती चढते कशाने ते बघितलंच नाही."

बाईंनी पॅड उजेडात तिरकं धरलं. चाकाच्या डिस्कवरही निळसर डाग पडले होते. एकदम त्या म्हणाल्या, "अहो, हे तर मी रोज बघते! झोपेत दात खाणाऱ्यांचे दात अस्से गुळगुळीत होतात. जोरात चावून नाही, सारखं हळूहळू घासून."

सावकाश हसला. "मग तुमच्या घरात कोणीतरी ब्रेक खातंय. पाय सारखा पॅडलवर टेकलेला. ब्रेक तापतो, पॅड भाजतं, गुळगुळीत होतं. दुसरं कोण चालवतं गाडी?"

"सासरे. पण त्यांना विचारायचं कोणी?"

विचारलं बाईंनीच, रात्री जेवताना, शक्य तेवढ्या मऊ आवाजात. सासऱ्यांचा घास हातातच राहिला. ते अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. पाण्याने भरलेला बंब त्यांनी गल्लीबोळांतून पळवलेला.

"मी? ब्रेकवर पाय? सूनबाई, उद्या मी स्वतः येतो त्या मेकॅनिककडे. बसू दे त्याला माझ्या शेजारी!"

सासूबाईंना नेमकं तेव्हाच एक पातेलं घासायचं आठवलं. त्या लगबगीने आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सासरे कडक इस्त्रीचा शर्ट घालून गॅरेजमध्ये हजर. सावकाश शेजारी बसला, बाई मागे. सासऱ्यांनी गर्दीतून, वळणांवरून, चढावरून गाडी अशी नेली की पाहत राहावं. गाडी ऑटोमॅटिक, क्लच नाहीच; त्यामुळे डावा पाय अगदी शहाण्या मुलासारखा बाजूला टेकलेला.

"काका, तुमच्यात खोट नाही," सावकाशने कबूल केलं.

"मग!" सासऱ्यांनी कॉलर नीट केली.

गाडी आत घ्यायला सावकाश सीटवर बसला. दारावर ज्याची त्याची जागा लक्षात ठेवून सीट सरकवणारी तीन बटणं होती. "पहिलं माझं, दुसरं बाबांचं," बाई म्हणाल्या. सावकाशने सहज तिसरं दाबलं. सीट गुरगुरत पुढे निघाली, वर उचलली गेली, आणि बघता बघता त्याच्या पोटात स्टिअरिंग आणि गुडघे हनुवटीशी!

"अहो, अडकलो! हे कोणाचं बटण?"

सासरे छताकडे बघायला लागले. बाई हसू दाबत दुसरं बटण शोधत होत्या, आणि मध्येच थबकल्या. घरात एवढं बुटकं एकच माणूस होतं.

"बाबा... आई?"

"मी शब्द दिलाय," सासरे छतालाच म्हणाले. "मी काही बोलणार नाही."

सावकाशलाही बरोबर घेऊन गाडी घरी आली. सासूबाई दारातच उभ्या होत्या. तिघांचे चेहरे पाहून त्यांनी कमरेवर हात ठेवले. "कळलं ना? बरं झालं. लपवून लपवून जीव अर्धा झाला माझा. शिकाऊ परवानासुद्धा काढलाय, पर्समध्ये आहे."

"पण आई, मला का नाही सांगितलंत? मी काय नाही म्हटलं असतं?"

"तू हो म्हणाली असतीस, तेच तर! नाही म्हणणाऱ्याशी भांडता तरी येतं. तू हो म्हणून दिवसभर काळजी करत बसली असतीस." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "माझी बहीण गावाच्या त्या टोकाला. मला सोडता का, न्यायला येता का, हे विचारण्यातच जन्म गेला गं."

आपणही कितीदा घड्याळाकडे बघत 'सोडते' म्हटलंय, ते बाईंना आठवलं. त्यांनी सासूबाईंना जवळ घेतलं.

"आणि डावा पाय, काकू?" सावकाशने विचारलं.

"तो ब्रेकवरच ठेवते ना, वेळ सांगून येते का? गाडी जरा जड चालायची, पण मला वाटलं, एवढं धूड आहे, जडच असणार!"

"आणि मी शेजारी बसून रस्त्याकडे बघायचो," सासरे पुटपुटले. "पायांकडे बघायचं सुचलंच नाही."

नवी पॅड बसली. ती डिस्कवर रुळायला हवी होती, म्हणजे वेग घेऊन ब्रेक लावायचा, पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. सुट्टीच्या दिवशी गोदामांमागचा रस्ता ओस असतो. तिथे सासूबाई स्टिअरिंगवर, सावकाश शेजारी, बाकी दोघं मागे पट्टे आवळून.

"डावा पाय मागे घ्या. त्याला आज रजा. हां, वेग घ्या... आता ब्रेक!"

गाडी नुसती लाजल्यासारखी झाली.

"काकू, ब्रेकला विचारू नका. हुकूम सोडा!"

पुढच्या खेपेला सासूबाईंनी ओठ दाबले आणि हुकूम सोडला. गाडीने नाक रस्त्याला टेकवलं म्हणा ना! सासऱ्यांचा चष्मा उडून पुढे सावकाशच्या मांडीत पडला. मागून बाई ओरडल्या, "आई गं!"

"काय गं?" म्हणत सासूबाई खदखदून हसल्या. इतक्या, की डोळ्यांत पाणी आलं. "पकडतंय की! पुन्हा करू?"

"सावकाश," मेकॅनिक चष्मा परत देत म्हणाला. "पण करा."

त्यानंतरच्या आठवड्यात दवाखान्यात बाईंचा फोन वाजला. पलीकडे मावशी, म्हणजे सासूबाईंची बहीण, धापा टाकत होती. "अगं, गाडी आली म्हणून ताईला उतरवायला मी दार उघडलं, तर आत भाऊजी बसलेले! मी म्हटलं, ताई कुठाय? तर पलीकडून उतरून माझ्यासमोर उभी, किल्ली नाचवत!"